लाँगडन गेल्यानंतर

२० नोव्हेंबर २०२१ ला डेव्हिड लाँगडन गेला. अपघाताचं निमित्त झालं. वय अवघं ५६. पुढच्या जानेवारीत ‘बिग बिग ट्रेन’ या त्याच्या बँडचा ‘वेलकम टू द प्लॅनेट’ अल्बम आला. त्यात तो होता, मोकळ्या गळ्याने गात होता. मला तो अल्बम कितीतरी दिवस सलग ऐकवला नाही.

नॉटिंगहॅमचा हा गायक. १९९६ मध्ये फिल कॉलिन्सनंतर जेनेसिस हा बँड नवा आवाज शोधत होता, तेव्हा यानेही चाचणी दिली होती; निवड रे विल्सनची झाली. २००९ च्या ‘द अंडरफॉल यार्ड’ या अल्बमपासून तो ‘बिग बिग ट्रेन’चा झाला.

बासरी, मेलोट्रॉन, वीस मिनिटांच्या वर जाणारी रचना. सत्तरच्या दशकातला प्रोग्रेसिव्ह रॉक या बँडच्या संगीतात उघड ऐकू येतो. विलंबित ख्यालात रमणाऱ्या माझ्यासारख्याला ही लांबी जवळची वाटली. याला जुन्याची नक्कल म्हणणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही. वळण जेनेसिसचं असेल, पण विषय या मंडळींनी स्वतःच्या मातीतून घेतले. विंचेस्टरच्या कॅथेड्रलचा पाया खचत होता, तेव्हा विल्यम वॉकर हा पाणबुड्या १९०६ ते १९११ गढूळ, काळोख्या पाण्यात उतरत राहिला. त्याच्यावर यांनी गाणं केलं. ३ जुलै १९३८ ला ताशी १२६ मैलांचा वेग गाठणाऱ्या ‘मॅलार्ड’ या वाफेच्या इंजिनावर केलं. कष्टकऱ्यांबद्दल एवढ्या आदराने गाणारा रॉक गायक मला दुसरा माहीत नाही.

यांच्या गाण्यांतल्या मेलोट्रॉन या वाद्याच्या प्रत्येक पट्टीमागे कुणीतरी पूर्वी वाजवून ठेवलेल्या सुराची टेप असते. पट्टी दाबली की ती धावते, आठेक सेकंदांत संपते. सूर आपल्यापर्यंत येतो. वाजवणारा तिथे नसतोच.

लाँगडनच्या बाबतीतही तसंच घडलं. त्याने जूडी डायबलबरोबर एक अल्बम केला होता. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या बँडची ही पहिली गायिका जुलै २०२० मध्ये गेली आणि अल्बम सप्टेंबरात आला. तिच्यामागे तिचा आवाज त्याने लोकांपर्यंत पोचवला. दीड वर्षाच्या आत तेच काम त्याच्यासाठी त्याच्या सोबत्यांना करावं लागलं.

आता त्याच्या जागी इटलीचा अल्बर्टो ब्राव्हिन गातो. बँड थांबला नाही, हे मला मनापासून आवडलं. तरी लाँगडनची जागा माझ्यापुरती रिकामीच आहे. ‘मॅलार्ड’वरचं ते गाणं, ‘ईस्ट कोस्ट रेसर’, पंधरा मिनिटांहून मोठं आहे. एकदा तरी ऐका, आणि मध्येच सोडू नका.