मधली पट्टी

जुलैत भिलाईला पाऊस लागला की माझ्या पियानोच्या पट्ट्या फुगतात. दाबलेली पट्टी चटकन वर येत नाही. उन्हाळ्यात पियानोच्या खोलीत मी कूलर लावत नाही, दमट हवा लाकूड शोषून घेतं म्हणून. पण पावसाला कोण अडवणार? त्यामुळे मोझार्टच्या डी मेजर सोनाटातला एक सूर सारखा मुका जायला लागला, तेव्हा दोष मी पियानोलाच दिला. कोलकात्याच्या ट्यूनरला फोनही केला.

हा सोनाटा, के. ३८१, एकाच पियानोवर दोघांनी वाजवायचा. १७७२ मधला; मोझार्ट तेव्हा सोळा वर्षांचा होता. उजवीकडे प्रिमो, डावीकडे सेकंडो. प्रिमो माझी दहावीतली विद्यार्थिनी. शेजारच्या सेक्टरमधून सायकलवर येते, मला काकू म्हणते. सेकंडो मी, म्हणून पेडलवर पाय माझा.

सुरुवातीला चारही हात एकच वाक्य बोलतात. तिथे फक्त एकदम उठायचं असतं. आमचं अडलं ते अँडान्टे या संथ भागात, मधल्या पट्ट्यांवर, जिथे तिचा डावा हात आणि माझा उजवा एकमेकांना खेटून असतात. मोझार्टच्या काळच्या पियानोला पाचच सप्तकं, ६१ पट्ट्या, आजच्याला ८८. म्हणजे चार हातांची दाटी मुळातलीच. १७८० च्या सुमाराला योहान नेपोमुक देला क्रोचे यांनी रंगवलेल्या मोझार्ट कुटुंबाच्या चित्रात वोल्फगांग आणि त्याची बहीण नानर्ल एका वाद्याशी बसली आहेत, हातावरून हात गेलेला. पूर्वी मला त्यात नुसती भावंडांची माया दिसायची. आता मी मनगटं बघते.

"काकू, तुमचं बोट अजून तिथंच आहे," ती एका संध्याकाळी म्हणाली.

खरंच होतं. माझा सूर लिहिलाय तेवढा मी पुरता धरत होते आणि तीच पट्टी तिला लगेच हवी होती. दाबलेल्या पट्टीवर दुसऱ्याने बोट टेकवलं तर हातोडी उठणार कशी? त्यात माझा पियानो उभा. त्याची पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय पुन्हा वाजत नाही. आडव्या ग्रँड पियानोत ती अर्ध्यातूनही वाजते. एरार घराण्याने १८२१ मध्ये पेटंट घेतलेली ती करामत.

एकटीने वाजवताना सूर शेवटपर्यंत धरणं हा मला प्रामाणिकपणा वाटत आला. इथे तोच हात तिच्या आड येत होता, आणि मला फार वाईट वाटलं.

त्या एका ओळीवर आम्ही पाऊण तास बसलो. मी बोट आधी उचलायचं, सूर तेवढ्यापुरता पेडलवर सोपवायचा, तिचा लागला की पाय सोडायचा. पाय रेंगाळला तर मागचे-पुढचे सूर कालवले जातात, घाई केली तर मध्ये भोक पडतं. वाक्य घेण्याआधी तिचा खांदा किंचित वर येतो. पाय मी त्या खांद्यावर बेतला. कितव्या तरी खेपेला पट्टी माझ्या करंगळीखालून वर आली, आणि तिची करंगळी तिथे उतरली.