भंडारदऱ्याच्या काठी तंबूतली एक रात्र

शेतकऱ्याच्या घरातली बाई घराबाहेर रात्र काढते ती ठरलेल्या कारणांनीच. माहेरपण, बाळंतपण, लग्नकार्य, दवाखाना, नाहीतर पंढरीची वारी. नवरा-बायको दोघांनी मिळून, काही काम नसताना, कुणा पाहुण्याच्या घरी न उतरता एक रात्र बाहेर काढावी, हे आपल्याकडे सहसा कुणाला सुचत नाही. सुचलेच तर गाईंच्या धारा कोण काढणार, या प्रश्नापाशी ते विचार थांबतात.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षे झाली. उभयतां देवदर्शनाला गेलो तेही दहा जणांच्या मेळ्यात. यंदा घरात सून आली. तीच एक दिवस म्हणाली, "आई, धारा मी काढीन. तुम्ही अन् नाना दोघंच कुठंतरी जाऊन या." मुलाने भंडारदऱ्याच्या काठावर तंबूत राहण्याची सोय असते असे सांगितले आणि ठरवूनही टाकले.

तंबू तसा आपल्याला परका नाही. वारीतल्या राहुट्या, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, मेंढपाळांची पालं, राखणीचा माळा, हे सगळे आपण पाहिलेले आहे. पण ती सारी कामाची निवाऱ्याची जागा. नुसते राहण्यासाठी तंबूत राहायचे, ही गोष्ट आम्हा दोघांनाही नवी होती.

भंडारदऱ्याला हे लगेच तयार झाले त्याला कारण होते. आमचे गाव श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या कालव्यावर. आवर्तन सुटले की पाळी धरायची, रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन चारीवर जायचे, वरच्याने दार उघडे ठेवले म्हणून भांडायचे, यात ह्यांचा जन्म गेला. हे म्हणाले, "ज्या पाण्यापायी तीस वर्षं जागलो, ते राहतं कुठं ते तरी बघून येऊ."

वाटेवर

रोहिणी नक्षत्र लागले होते. मशागत झालेली, बियाणे घरात आणून ठेवलेले आणि मृगाची वाट पाहायची, असे ते दिवस. सकाळच्या एस.टी.ने संगमनेर, तिथून अकोले, पुढे राजूर आणि शेंडी असा प्रवास केला. अकोल्यापर्यंत ऊस आणि कांद्याच्या चाळी दिसतात. पुढे डोंगर जवळ येतात, वावरे लहान होत जातात आणि भाताची खाचरे सुरू होतात. खाचरांच्या कडेला राब भाजल्याच्या काळ्या चौकटी दिसत होत्या. बीजमाता म्हणून ज्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली त्या राहीबाई पोपेरे यांचे कोंभाळणे गाव याच तालुक्यातले. गावरान बियाणे घरात जपून ठेवणारा हा मुलूख आहे.

शेंडी हे धरणाजवळचे गाव. धरणाचे काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. दगडी बांधकामाचे हे धरण सुमारे ८२ मीटर उंच आहे. इंग्रजांनी गव्हर्नरांच्या नावावरून त्याला विल्सन धरण म्हटले आणि जलाशयाला आर्थर लेक. त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. इथून सुटलेले पाणी नदीने खाली निळवंड्याच्या धरणात येते. निळवंड्याच्या डाव्या कालव्यात २०२३ साली पाणी सुटले, तेव्हा कितीतरी गावांनी पिढीभराची वाट पाहिलेली होती. त्याही खाली, संगमनेरच्या पलीकडे ओझरच्या बंधाऱ्यावर हे पाणी अडते आणि डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. तेच आमच्या चारीत येते.

हे भिंतीकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. मे अखेरीचे पाणी खूप खाली गेले होते. काठाची माती उघडी पडून भेगाळली होती. "एवढ्यावरच सगळ्यांची भांडणं," इतकेच ते बोलले.

तंबू ठोकला

आमचा तंबू मुरशेत-पांजरे बाजूला होता. महादेव कोळी समाजाचा एक तरणा मुलगा ही सोय चालवतो. तंबू म्हणजे पातळ कापडाची पिशवीच. छत्रीच्या काड्यांसारख्या दोन लवचिक काड्या कापडातून आरपार घालायच्या, कमानीसारख्या वाकवायच्या आणि कडेने मेखा ठोकायच्या. पाच-सात मिनिटांत घर उभे. मुलाने मेखा ठोकल्या, पण ह्यांना काही चैन पडेना. त्यांनी प्रत्येक मेख उपटून तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलती करून पुन्हा ठोकली आणि दोरीला दाव्याची गाठ मारली. मुलगा पाहत राहिला. मग शेजारच्या तंबूंच्या मेखाही त्याने तशाच करून घेतल्या.

आत जायचे ते रांगत. लुगडे सावरत मी आत शिरले तेव्हा आम्हा दोघांनाही हसू आवरेना. दाराला चेन असते. ती सतत लावून ठेवायची, म्हणजे विंचू-किरडू आत येत नाही.

संध्याकाळी मुलाच्या आईने नागलीची भाकरी, पिठले, ठेचा आणि भात केला. मी सवयीने उठून चुलीपाशी गेले, तर ती म्हणाली, "बाई, आज तुम्ही पाहुण्या. बसा." वाढलेले ताट माझ्यापुढे आले आणि आम्ही दोघे शेजारी बसून जेवलो. आमच्या घरी मी शेवटी जेवते. ह्यांच्या ते ध्यानात आले असावे, कारण माझी भाकरी संपेपर्यंत ते हात न धुता बसून राहिले.

जेवणानंतर ती बाई पाण्याकडे बोट करून म्हणाली, "आमच्या आज्याची खाचरं तिथं खाली हाईत." धरण झाले तेव्हा चांगली जमीन पाण्यात गेली आणि माणसे वर चढावर आली. मग ती म्हणाली, "आता वाडीची विहीर आटली. दोन हंड्यांसाठी पहाटं झऱ्यावर जावं लागतं."

ह्यांनी विचारले, "एवढं पाणी समोर असताना?"

"ते खाली हाय, आम्ही वर. वर चढवायला मोटार पाहिजे, वीज पाहिजे. अन् पावसाळ्यात इतका पडतो की घराबाहेर निघता येत नाही. कातळावरनं सगळा वाहून जातो."

यावर हे काही बोलले नाहीत. आमच्याकडे पाळी दोन दिवस लांबली तर मोर्चा निघतो.

काजव्यांची झाडे

अंधार पडल्यावर मुलाने आम्हाला झाडीकडे नेले. बॅटरी लावायची नाही, ही त्याची पहिली अट. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर, जांभूळ अशी झाडे. आधी एक-दोन ठिणग्या दिसल्या. पाहता पाहता झाडच्या झाड उजळले, विझले, पुन्हा उजळले. हजारो काजवे एका तालात लुकलुकत होते. शेजारचे झाड त्याच तालावर उत्तर दिल्यासारखे पेटत होते.

काजवा ही माशी नव्हे, भुंगेऱ्याच्या जातीचा किडा. त्याच्या पोटाखाली उजेड तयार होतो आणि त्या उजेडाला उष्णता जवळजवळ नसते. नर-मादी या लुकलुकण्याने एकमेकांना खूण करतात. मोठ्या काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्याची अळी मात्र ओल्या मातीत राहून गोगलगायी खाते, म्हणजे शेतकऱ्याच्या उपयोगीच पडते. माझ्या माहेरी मळ्यात लहानपणी आम्ही काजवे बाटलीत धरीत असू. आता फवारण्या वाढल्या, बांधाची झाडे गेली, वस्तीवस्तीवर रात्रभर दिवे जळतात. त्याचा काजव्यांना त्रास होतो. इथेही पर्यटकांच्या मोटारींचे दिवे झाडावर पडले की ते झाड काही वेळ अंधारून जात होते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

रात्र

रात्री वारा सुटला. कापड फडफडत होते, पण मेखा हलल्या नाहीत. दोनच्या सुमारास मला जाग आली तर हे बसलेले. पाण्याची पाळी नव्हती, गाय व्यायची नव्हती, पण त्या वेळेला जागे होण्याची सवय शरीराला लागलेली. आम्ही चेन थोडी उघडून बाहेर पाहत बसलो. पाण्यावर चांदणे पडले होते.

त्या रात्री ह्यांनी २०१२ च्या दुष्काळाचा विषय काढला. आमची डाळिंबाची बाग त्या वर्षी वाळली होती. झाडे ह्यांनी एकट्यानेच तोडली आणि त्या दिवसाबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नव्हता. "तुला लांब ठेवलं होतं," ते म्हणाले, "तू बघितलं असतं तर माझ्या हातून कुऱ्हाड चालली नसती." मी म्हटले, "मी माजघराच्या खिडकीतून सगळं बघत होते." मग कितीतरी वेळ आम्ही त्या झाडांबद्दलच बोललो. कोणत्या ओळीत पहिला बहार धरला होता, ते दोघांनाही आठवत होते. घरी एवढे बोलणे झालेच नसते. भिंतीपलीकडे माणसे असतात आणि पहाटे काम असते.

पहाटे मी त्या माउलीबरोबर झऱ्यावर गेले. एक हंडा मी डोक्यावर घेतला. चढ मोठा होता. दोनदा थांबावे लागले. ती एकदाही थांबली नाही.

उन्हे वर आल्यावर रतनवाडीला अमृतेश्वराचे दर्शन घेतले. शिलाहारांच्या काळातले हे देऊळ दगडी कोरीवकामाने भरलेले आहे. मागे रतनगड उभा आहे. प्रवरा तिथेच उगम पावते. अमृतवाहिनी हे तिचेच दुसरे नाव. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते गावही हिच्याच काठी.

जाणाऱ्यांसाठी

रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरून घोटी-बारीमार्गे शेंडीला यावे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर, याच वाटेवर बारी गावाशी आहे. काजवे मेच्या अखेरीपासून पावसाला जोर चढेपर्यंत दिसतात. भर पावसाळ्यात तंबूचा नाद करू नये. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हवा चांगली असते, मात्र पांघरूण भरपूर हवे. हा भाग १९८६ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे, म्हणून वनखात्याचे त्या वेळचे नियम आधी विचारावेत.

बायकांसाठी संडास-न्हाणीची सोय आहे का, हे ठरवतानाच स्पष्ट विचारावे. त्यात लाजू नये. एकट्या झाडाखाली तंबू ठोकू नये, वळवाची वीज तिथेच पडते. तंबूत स्टोव्ह किंवा शेगडी पेटवू नये. धरणाच्या पाण्यात उतरू नये, काठ चिखलाचा आणि खोली एकदम येते. पिण्याचे पाणी जपून वापरावे, ते कुणीतरी डोक्यावरून आणलेले असते. कागद-पिशव्या आपल्याबरोबर परत न्याव्यात.

आणि मागे धारा काढायला घरात कुणी नसेल, तर शेजारणीला सांगावे. पुढच्या खेपेला ती जाईल तेव्हा तिच्या गाई आपण सांभाळाव्यात.