चारचौघींत न बोलायचे दुखणे

लष्कर-ग्वाल्हेरच्या आपल्या जुन्या मराठी घरांत आजारांची चर्चा मोकळेपणाने चालते. मधुमेह, रक्तदाब, गुडघे हे तर हळदीकुंकवाचेही विषय झाले आहेत. एका दुखण्याचे नाव मात्र कोणी काढीत नाही. लघवीची अनावर घाई, दिवसभर वारंवार जावे लागणे, रात्री दोन-तीनदा उठणे, कधी पोहोचण्यापूर्वीच लुगडे ओले होणे, या साऱ्याला वैद्यकशास्त्र ‘अतिक्रियाशील मूत्राशय’ म्हणते. आपण ‘वय झाले’ म्हणतो आणि गप्प बसतो. मग डिसेंबरातला तानसेन समारोह सुटतो, कीर्तन सुटते, मुलाकडे जाण्याचा रेल्वेप्रवासही सुटतो.

आम्ही राज्य शासनाच्या सेवेत असताना दौऱ्यावरच्या कचेऱ्यांत स्त्रियांसाठी वेगळी सोय क्वचितच असे. सकाळपासून पाणी न पिणे हा आम्हा साऱ्याजणींचा अलिखित नियम होता. सेवानिवृत्तीनंतरही कित्येकजणी तो पाळतात, आणि तोही ग्वाल्हेरच्या मे महिन्यात. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चाळवते आणि जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

यावर उपचार आहेत. प्रथम लघवीची आणि साखरेची तपासणी होते, कारण जंतुसंसर्ग किंवा मधुमेह असला तरी हीच लक्षणे दिसतात. मग चहा कमी करणे, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, आणि घाई झाली तरी थोडा थोडा वेळ थोपवून धरण्याचा सराव. एवढ्याने भागले नाही तर गोळ्या.

गोळ्यांची मुख्य घराणी दोन. जुन्या घराण्यात ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सोलिफेनासिन, डॅरिफेनासिन. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे द्रव्य मूत्राशयाच्या स्नायूला आवळण्याचा निरोप देते. या गोळ्या तो निरोप अडवतात. पण त्याच निरोपावर लाळ सुटते, आतडी हलतात, डोळ्यांची बाहुली आकुंचते आणि स्मरणाचे कामही चालते. महाशिवरात्रीला अचलेश्वराला आपण धोतरा वाहतो. तो पोटात गेला तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळू लागतो, कारण धोतऱ्यातील विष हाच निरोप अडवते. औषधात ते काम मोजूनमापून होते, एवढाच फरक. म्हणून तोंडाला कोरड आणि बद्धकोष्ठ हे या गोळ्यांचे नेहमीचे सोबती. कोरड ऑक्सिब्युटिनिनने सर्वांत जास्त पडते, टॉल्टेरोडिनने कमी. सोलिफेनासिन दिवसातून एकदाच घ्यावी लागते, पण बद्धकोष्ठ वाढवू शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात या गोळ्या वर्ज्य आहेत.

दुसऱ्या घराण्यातील मिराबेग्रॉन अमेरिकेत २०१२ साली मान्य झाले. ते निरोप अडवीत नाही, भरत्या मूत्राशयाचा स्नायू सैल ठेवते. गुण साधारण तेवढाच, पण कोरड फारशी नाही. मात्र त्याने रक्तदाब वाढू शकतो. दाब आटोक्याबाहेर, म्हणजे १८०/११० वा त्याहून वर असेल तर ते देत नाहीत. आणि गुण कोणत्याही गोळीचा बेताचाच. घाई कमी होते, पार नाहीशी होतेच असे नाही, आणि काही आठवडे धीर धरावा लागतो.

तेव्हा ‘सर्वांत चांगली गोळी कोणती’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. त्या बाईला आणखी काय काय आहे आणि ती आणखी काय काय घेते, यावर ते ठरते. आमच्या थोरल्या जाऊबाई शहात्तर वर्षांच्या. एका डॉक्टरांकडून ऑक्सिब्युटिनिन, दुसऱ्यांकडून सर्दीची जुनी गोळी, तिसऱ्यांकडून झोपेसाठी अ‍ॅमिट्रिप्टिलीन. तिन्ही तोच निरोप अडवणाऱ्या. लघवीचे औषध चालू आहे हे संकोचापायी त्यांनी बाकीच्यांना सांगितलेच नव्हते. वार चुकू लागले, नातवंडांची नावे अडू लागली, घरच्यांनी स्मृतिभ्रंश गृहीत धरला. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी साऱ्या पट्ट्या टेबलावर मांडून घेतल्या, दोन हळूहळू बंद केल्या, एक बदलली. काही आठवड्यांनी जाऊबाई पोथी न उघडता स्तोत्र म्हणू लागल्या.

प्रत्येक विसर गोळीचाच असतो असे नव्हे. परंतु २०१५ साली अमेरिकेत पासष्टीपुढील ३,४३४ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या प्रकारची औषधे दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश अधिक आढळला. औषध हेच कारण, असे त्याने सिद्ध होत नाही, पण सावध राहण्यास एवढे पुरे.

आमची वाचक भगिनींना एवढीच विनंती, की घेत असलेल्या साऱ्या गोळ्यांची नावे, सर्दीची नि झोपेचीही, एका कागदावर लिहावी आणि तो कागद प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवावा. चालू गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. घरच्या पुरुषांनीही पुढच्या वेळी आईला वा पत्नीला प्रवासास नेताना थांबे आधी ठरवावेत, आणि तिने ‘जरा थांबवा’ म्हटले तर कारण विचारू नये.