४२१ मिलिसेकंद



आवणी उरकली. वरच्या तीन खाचरांत इंद्रायणी लागली. ओढ्याकडच्या खाचरात खेकड्यांनी बांधाला दोन भोकं पाडली होती, ती दगड-चिखल घालून बुजवली. युरिया-डीएपीच्या गोळ्या लावणीच्याच दिवशी दाबून झाल्या. एवढी शेतीची नोंद. पुढचं सगळं गिटारचं आहे. ज्यांना नको त्यांनी खुशाल पुढे सरका. पण मागच्या नोंदीतल्या फोटोत फवारणी पंपाशेजारी गिटार आणि एक काळी पेटी दिसली, आणि बऱ्याच जणांनी ते काय म्हणून विचारलं. त्याचं उत्तर लांबलंय.

गिटार दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. तो पुण्यात कंपनीत होता. शनिवारी रात्री पालीला यायचा, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत. त्याला पिंक फ्लॉइडचं वेड होतं. आमच्या गावात भजन, बेंजो आणि वरातीचा डीजे एवढंच संगीत, आणि हा पडवीत बसून एक सूर छेडायचा आणि तो सूर दूर जाऊन परत येईपर्यंत गप्प राहायचा. गडाच्या बाजूच्या कातळासमोर उभं राहून आम्ही गुरं हाकताना हाळी द्यायचो, तसंच. आई म्हणायची, याचं वाजवणं कमी आणि वाट बघणं जास्त.

दादाला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या वाजवण्याची एकच कॅसेट उरलीय. पडवीत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली, पत्र्यावर पाऊस, मध्येच कोणीतरी खोकतंय. वेल्ह्याच्या हवेत कॅसेटचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. फितीवर पांढरी बुरशी धरलेली. माझी पुतणी तो गेला तेव्हा बारा वर्षांची होती. यंदा ती शिकायला बाहेर पडली. जायच्या आधी म्हणाली, "काका, बाबांचा तो आवाज कसा होता, मला नीट आठवतच नाही. कॅसेट लावायची पण भीती वाटते, तुटली तर?"

मी एकदाच कॅसेट लावली. भजनी मंडळाच्या जुन्या टेपवर, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करून घेतली. शेवटी फीत गुंडाळलीच, पण तोवर अकरा मिनिटं हाती लागली होती. मग ती काळी पेटी आणली, डिजिटल प्रोसेसर, सेकंडहँड. ठरवलं, दादाचा आवाज यातून काढायचा.

आता दादा काय करायचा ते सांगतो. त्याने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक स्पूलचा टेपरेकॉर्डर उचलला होता. त्यात तीन हेड असतात. पहिला पुसतो, दुसरा भरतो, तिसरा वाजवतो. गिटार दुसऱ्या हेडवर भरली की फीत सरकत तिसऱ्या हेडपर्यंत जाते, आणि तेवढ्या वेळाने तोच सूर पुन्हा ऐकू येतो. तो परत दुसऱ्या हेडला पाठवला की तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, हळूहळू विरत. भजनाच्या माइकला आपण 'इको वाढव रे' म्हणतो, तो इको हाच. फार वाढवला की शिट्टी मारतो, तेही तुम्ही ऐकलंय.

पिंक फ्लॉइडचा डेव्हिड गिल्मोर हेच काम बिन्सन एकोरेक नावाच्या इटालियन यंत्रावर करायचा. त्यात फितीऐवजी फिरणारी तबकडी आणि तिच्या कडेला ओळीने हेड. चारसूत्री लावणीची दोरी आठवा. दोरीवर २५-१५, २५-१५ च्या खुणा पक्क्या असतात, त्या हलत नाहीत. चूड किती वेळाने पडणार हे तुमच्या चालण्यावर. एकोरेकमध्ये हेड म्हणजे खुणा, तबकडीचा वेग म्हणजे चाल. १९७१ च्या 'मेडल'मध्ये आणि १९७३ च्या 'डार्क साइड ऑफ द मून'मध्ये जो तरंगता आवाज आहे, त्यात या यंत्राचा मोठा वाटा.

प्रोसेसरमध्ये यातलं काहीच नाही. तो आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजतो, ते आकडे साठवतो आणि ठरल्या वेळाने परत वाचतो. ३०० मिलिसेकंदांचा इको म्हणजे १३,२३० आकडे रांगेत उभे. चारीच्या तोंडाला सोडलेलं पाणी शेपटाला उशिरा पोचतं तसं. फरक एवढाच की चारीत पाणी मुरतं, इथे थेंबही कमी होत नाही. आणि तिथेच गोची झाली.

मोबाईलवरच्या रेकॉर्डिंगमध्ये सूर आणि त्याचा इको यांतलं अंतर मोजलं, ४४६ मिलिसेकंद. तो आकडा पेटीत घातला, वाजवलं, पुतणीला पाठवलं. तिचा निरोप आला, "काका, रिंगटोन वाटतेय."

बरोबर होतं तिचं. फितीवर दरवेळी थोडा आवाज मुरतो. आधी तीक्ष्णपणा जातो, मग कडा जातात, चौथा इको नुसता धूर उरतो. पेटीचा चौथा इको पहिल्याइतकाच धुतलेला. मग इकोचा प्रकार 'टेप' केला, वरचे सूर कापायचं बटण अर्ध्याच्या खाली आणलं, आणि मॉड्युलेशन अगदी किंचित दिलं. जुन्या मशीनची फीत कधीच एका वेगाने सरकत नाही, जरा डुलते, ते डुलणं यातून येतं. खूप दिलं की दारू प्यायल्यासारखं होतं. माझ्या पेटीवर शंभरात आठ पुरलं.

आवाज जवळ आला, पण त्यात एक भोवरा होता तो सापडेना. ज्यांनी फ्लॉइड ऐकलंय त्यांना माहीत असेल, 'ब्रीद'मध्ये गिटार पाण्याखालून आल्यासारखी वाटते. ते युनि-वाइब. त्या पेटीत मधोमध एक छोटा दिवा धडधडतो आणि भोवती प्रकाशाने बदलणारे चार भाग असतात, दिवा कमीजास्त झाला की आवाज घुसळतो. माझ्या पेटीत त्याची नक्कल होती. लावून बघितली, जमेना. दादाकडे असलं काही नव्हतंच. मग काय होतं?

वहिनी भांडी घासता घासता म्हणाल्या, "पंखा लावा की."

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. दादा स्पीकरसमोर टेबलफॅन ठेवायचा. पंख्याच्या पात्यांतून आवाज गेला की तो चिरला जातो. पण खरी गंमत पुढे. तो पंखा फुल करून बटण बंद करायचा, आणि पाती मंदावत असताना वाजवायचा. "लाइट गेली की तुमचे दादा खूश व्हायचे," वहिनी म्हणाल्या. "बॅटरीचा अँप होता ना. आम्ही घामात, आणि यांचं चाललेलं, थांब, थांब, आता बघ!" रेकॉर्डिंग परत ऐकलं. खरंच, भोवरा जोरात सुरू होऊन हळूहळू थांबतो.

याला मोठ्या जगात नाव आहे, लेस्ली स्पीकर, ज्यात आवाजाचं तोंडच फिरतं. 'एकोज' या फ्लॉइडच्या लांबलचक गाण्याची सुरुवात होते तो टिंग आवाज पियानोचा, लेस्लीतून काढलेला. युनि-वाइबसुद्धा बहुतेक जण लेस्लीच्या बदली वापरायचे. म्हणजे दादाने मुळाशीच हात घातला होता, तोही टेबलफॅनने.

पेटीत 'रोटरी' सापडला, जलद-संथ बदलणारा. त्यातही एक चूक केली होती. सगळीकडे सांगतात की भोवरा आधी, इको नंतर. पण दादाचा पंखा स्पीकरच्या पुढे, म्हणजे इको होऊन गेल्यावर. रोटरी साखळीच्या शेवटी नेला आणि अंगावर काटा आला. औषध कालवताना आधी काय टाकायचं यावरून टाकीत फाटतं किंवा जमतं, तसंच हे.

मध्ये दोन रात्री एका वेगळ्याच भानगडीत गेल्या. कॅसेटच्या शेवटी एक लांब, चिरकी किंकाळी आहे. 'एकोज'च्या मध्यावर समुद्रपक्ष्यांसारखे आवाज आहेत, ते गिल्मोरने वा-वा पेडलच्या वायरी उलट्या जोडून काढलेले. मी म्हटलं, दादाने हेही केलं होतं! पेटीतलं सगळं उलथंपालथं केलं. शेवटी आईला ऐकवलं. आई म्हणाली, "अरे ती टिटवी आहे. बांधावरची."

तरी एक खटकत होतं. माझी गिटार आणि कॅसेट जुळत नव्हती. मोबाईलच्या ट्यूनरने बघितलं तर दादाची जाडी तार, जी पांढरी तीनला बोलायला हवी, ती काळी दोनला बोलत होती. दादा तारा उतरवून वाजवायचा का? माळ्यावरून स्पूलचं धूड काढलं. उंदरांनी वायरी खाल्ल्यात, पण हेड जागेवर आहेत. पट्टी लावली, दुसऱ्या आणि तिसऱ्या हेडमध्ये ४ सेंटीमीटर. मशीनचा संथ वेग सेकंदाला ९.५ सेंटीमीटर. भागाकार केला, ४२१ मिलिसेकंद. ४४६ नाही.

बाजेवर बसून कागदावर मांडलं तेव्हा उलगडलं. एक पट्टी खाली म्हणजे साधारण सहा टक्के संथ. ४२१ चे सहा टक्के वाढवले की ४४६ येतात. भजनी मंडळाच्या टेपचा पट्टा सैल झालाय, तो कॅसेट रडत रडत वाजवतो. दादा संथ वाजवत नव्हता, मीच त्याला संथ ऐकत होतो. हे कळलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि सांगायला कोणी जागं नव्हतं.

फेब्रुवारी २००७ मध्ये रॉजर वॉटर्स मुंबईत बांद्रा-कुर्ला संकुलाच्या मैदानावर 'डार्क साइड' वाजवायला आला होता, तेव्हा दादा मला घेऊन गेला होता. गिल्मोर त्यात नव्हता. त्याचे तुकडे दुसरेच लोक वाजवत होते, आणि तरी सूर तेच. मी विचारलं, मग खरा कोण? दादा म्हणाला, "ऐक की गप." परतीच्या एसटीत तो पनवेलपर्यंत बोलला नाही.

गेल्या रविवारी पुतणी आली. ज्यांना नोंदवून ठेवायचं त्यांच्यासाठी सेटिंग : गेन कमी, गिटारचा व्हॉल्यूम सातवर, इको टेप, ४२१, परतफेड शंभरात चाळीस, वरचे सूर कापलेले, शेवटी रोटरी, जलद सुरू करून पायाने संथ. रिव्हर्ब बंद, पडवीच पुरते. लाइट होती, पाऊसही होता. मी दादाचाच तुकडा वाजवला, जमेल तसा. बोटं माझी आहेत, चिखलाने फुगलेली, दोन ठिकाणी चुकलो.

वहिनी आत होत्या. रोटरी मंदावत आला तेव्हा भांड्यांचा आवाज थांबला.

पुतणी म्हणाली, "परत." मग पेटी माझ्याकडून घेतली आणि स्वतःच इकोचं बटण थोडं वाढवलं. शिट्टी मारायच्या अगदी आधी थांबवलं. ती पेटी आता तिच्यासोबत हॉस्टेलला गेलीय, पॅच नंबर १४.

ओढ्याकडच्या बांधाला आज सकाळी तिसरं भोक दिसलं. खेकड्यांवर कोणाकडे बिनविषारी खात्रीचा उपाय असेल तर खाली लिहा.