हनुवटीखालची बॅटरी

मुलांनो, तुम्हांला अंधाराची भीती वाटते का? अगदी खरं सांगा हं! आधी मी माझंच सांगते.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बोरिवलीच्या आमच्या शाळेत चौथीतला एक मुलगा सकाळीच पेंगत होता. विचारलं, तर म्हणाला, "बाई, रात्री झोपच येत नाही." मोठ्या भावाच्या मोबाइलवर त्याने भुताचा सिनेमा पाहिला होता. तेव्हापासून दारामागे टांगलेला रेनकोट त्याला रात्री माणसासारखा दिसायचा. मी पटकन बोलून गेले, "एवढा मोठा घोडा झालास आणि भुताला घाबरतोस?" सगळा वर्ग खो खो हसला. तो मात्र मान खाली घालून बसला. दिवसभर एक शब्द बोलला नाही.

त्याच रात्री आमच्या इमारतीतले दिवे गेले. मेणबत्ती घेऊन मी जिना उतरत होते, तर भिंतीवरून कुणीतरी भलंमोठं माझ्याबरोबर सरकलं. मी अशी दचकले की मेणबत्ती पडता पडता राहिली. बघते तर काय, माझीच सावली! मेणबत्ती अंगाजवळ धरली होती, म्हणून सावली पार छतापर्यंत गेली होती.

दुसऱ्या दिवशी ही फजिती मी वर्गाला सांगितली. "काल मी याला हसवलं, ते चुकलंच," असंही सांगितलं. मग खिडक्या लावल्या, त्यांवर सतरंज्या टांगल्या आणि त्या मुलाच्या हातात बॅटरी दिली. "धर माझ्या हनुवटीखाली!" त्याने बटण दाबलं आणि वर्ग किंचाळला.

असं का होतं? सूर्य असो की ट्यूबलाइट, उजेड बहुतेक वेळा वरून येतो. नाकाची सावली खाली ओठांकडे पडते. जन्मापासून आपण असेच चेहरे पाहतो. उजेड खालून आला की हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात, नाकाची सावली वर चढते. ओळखीचा चेहरा अनोळखी होतो आणि मन दचकतं.

त्याने बॅटरी डोक्यावर नेली आणि म्हणाला, "आता तुम्ही परत बाई झालात!" सगळे हसले. या वेळी तोही हसला.

सिनेमावाले हीच युक्ती वापरतात. आणि तीही कुठे, तर आपल्या जवळच्या मालाडला! हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ साली तिथे 'बॉम्बे टॉकीज' सुरू केली. तिचा १९४९ सालचा 'महल' तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. अशोककुमार, मधुबाला आणि एक जुनी हवेली. कॅमेरा होता योझेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराकडे. जर्मनीतल्या मूकपटांत सावल्यांचा खेळ फार रंगला होता. १९२२ च्या 'नोस्फेरातू'मध्ये तर राक्षसाची नुसती सावली जिना चढताना दिसते. माझ्या जिन्यासारखीच! 'महल'मध्येही विर्शिंगनी सगळं लख्ख दाखवलं नाही. थोडा उजेड, बाकी काळोख. त्या काळोखात काय आहे, ते प्रेक्षकाने आपल्या मनाने भरायचं. गंमत म्हणजे शेवटी कळतं, ते भूत नव्हतंच. ती होती माळ्याची मुलगी!

दारामागच्या रेनकोटाचंही तेच. रस्त्यावरचा दिवा खिडकीतून थोडासाच आत येतो. रेनकोटाची एक कड तेवढी दिसते, उरलेला माणूस आपण तयार करतो.

म्हणजे घाबरणारा मूर्ख असतो का? मुळीच नाही. ज्याचं मन चित्रं काढण्यात पटाईत, तो जास्त घाबरतो. आईबाबांनो, माझ्यासारखं हसू नका. मुलाच्या हातात बॅटरी द्या आणि त्याच्याबरोबर दारामागे जाऊन बघा.

आठवड्याने मी त्याला हळूच विचारलं, "काय रे, रेनकोट दुसरीकडे ठेवलास का?"

"नाही बाई, तिथेच आहे. फक्त बॅटरी उशाशी ठेवतो."

"आणि लावतोस कितीदा?"

थोडा विचार करून तो म्हणाला, "पहिल्या रात्री पाच वेळा. काल एकदाच."