फासे, पात्रे आणि आडनाव

त्या रविवारी विहारात वंदनेनंतर माझे भाषण होते. विषय होता व्यसनमुक्ती. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला केलेल्या उपदेशात संपत्तीच्या नाशाची सहा कारणे सांगितली आहेत. त्यांत दारूबरोबर जुगारही आहे. हे मी चांगले तासभर समजावून सांगितले, वस्तीतल्या पत्त्यांच्या अड्ड्यांवर कडक बोललो आणि समाधानाने घरी आलो. पाहतो तर माझ्याच घरात, माझ्याच टेबलाभोवती चार पोरे फासे टाकत बसलेली! फासेही साधे नव्हेत. एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला तर चक्क वीस. आणि माझी कॉलेजात शिकणारी मुलगी सर्वांत मोठ्याने ओरडत होती, "अठरा पडले, अठरा!"

चपला काढायच्या आधीच मी विचारले, "पैसे किती लावलेत?"

पोरे चपापली. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "पप्पा, पैसे नाहीत. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. बसा तर खरं." तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मीपण आधी रागावले होते. तासभर ऐकतेय. गोष्ट सांगत बसलेत ते."

हा खेळ समजायला मला दोन रविवार लागले. वाचकांना थोडक्यात सांगतो. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सुरू करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. पात्राचे नाव, वय, धंदा, बळ आणि उणीव एका कागदावर लिहितात. "तुमच्यासमोर बंद दरवाजा आहे, काय करता?" असे सूत्रधार विचारतो. एक म्हणतो तोडतो, दुसरी म्हणते टकटक करते. जमेल की नाही याची खात्री नसेल तेव्हाच फासा टाकायचा. तोंडाने खेळायचे नाटकच ते, फक्त संवाद आधी लिहिलेले नसतात.

मुलांची भांडणे मात्र कोणता खेळ भारी यावर. माझ्या मुलीचा आवडता 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ साली काढला. त्यात शक्ती, चपळता, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि दुसऱ्यावर छाप पाडण्याची ताकद असे सहा गुण आकड्यांत मोजतात. तलवारी, जादू, राक्षस सगळे आहे. शेजारच्या मुलाला १९८१ चा 'कॉल ऑफ कथुलू' आवडतो. त्यात वीर नसतात. पत्रकार, प्राध्यापक अशी साधी माणसे भयंकर रहस्याचा शोध घेतात आणि भीतीने त्यांच्या मनाचा तोल ढळत जातो. तिसऱ्याचा लाडका १९७७ चा 'ट्रॅव्हलर'. त्यात गोष्ट सुरू होण्याआधीच पात्राची नोकरी खेळून घ्यावी लागते. चार-चार वर्षांचे टप्पे, भरती झाली की नाही, बढती मिळाली की नाही, सारे फाशावर. कधी पात्र नोकरीतच मरते आणि कागद फाडून नवे करावे लागते. वीस वर्षे सेवा भरली तर काहींना पेन्शनसुद्धा! मी कारकून माणूस. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, हे दुखणे आमच्या कचेरीत रोजचे. म्हटले, "हाच खेळ सगळ्यांत चांगला." पोरे हसली.

पण एक गोष्ट ऐकून मी सावध झालो. पहिल्या खेळात पात्र कोणत्या वंशाचे हे आधी ठरवायचे असते. १९७४ च्या नियमांत बुटक्यांच्या वंशात जन्मलेल्या पात्राने लढवय्याच व्हायचे आणि तेही सहाव्या पायरीपर्यंतच चढायचे. माणसाला मात्र अशी अट नाही. मी म्हटले, "अरे, ही तर आपल्याकडची वर्णव्यवस्था झाली! जन्मावर धंदा आणि जन्मावर बढती!" बाबासाहेबांनी १९१६ साली न्यूयॉर्कला वाचलेल्या निबंधात जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग, हेच उलगडून दाखवले होते. इथे तर कल्पनेच्या राज्यातही दारे बंद. मुलगी म्हणाली, "पप्पा, पुढे ते बदललं. २०२४ च्या पुस्तकात वंश हा शब्दच काढला. गुणांची वाढ आता जन्मावरून मिळत नाही, पात्र आधी काय शिकलं, काय काम केलं त्यावरून मिळते." पन्नास वर्षे लागली, पण खेळाचा का होईना, नियम बदलला. नियम माणसाने केलेले असतात, म्हणून माणसाला ते बदलता येतात. भाषणात मी हे नेहमी सांगतो. त्या दिवशी ते पोरांकडून ऐकले.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगतो.

शेजारच्या मुलाने आपल्याच शहरातली गोष्ट रचली होती. दौलताबादच्या किल्ल्यातले एक रहस्य आणि त्याचा माग काढणारे चौघे. माझ्या मुलीचे पात्र होते रेवा, वय पंचवीस, वार्ताहर, शहरात भाड्याच्या खोलीत राहणारी. कागद मी सहज उचलला. नावापुढचे आडनाव आमचे नव्हते. आमच्यासारखेही नव्हते. मी विचारले, "हे आडनाव का गं?"

ती सहज म्हणाली, "तिला रूम मिळायला पाहिजे ना, पप्पा."

मला पुढे बोलता येईना. ती खाली बघत म्हणाली, "तुम्हीपण घेतलं होतं ना? आजीने सांगितलंय."

खरे आहे. २००३ साल. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला मी होतो. खोलीसाठी सहा दारे फिरलो. सगळीकडे आडनाव विचारले आणि "कालच दिली" असे उत्तर आले. सातव्या दारी मी दुसरेच आडनाव सांगितले. खोली मिळाली. अकरा महिने राहिलो. बाबासाहेबांची तसबीर पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवली. एकदा आई गावाहून भाकरी घेऊन आली आणि दारातूनच मोठ्याने "जय भीम" म्हणाली. मी तिला आत ओढून म्हणालो, "हळू बोल." तिने त्यावर एक शब्द काढला नाही. पुन्हा ती त्या खोलीवर कधी आली नाही. चळवळीत इतकी वर्षे काम केले, पण ही गोष्ट मी कोणत्याही व्यासपीठावर सांगितलेली नाही.

त्या रात्री मी मुलीला 'मिलिंद प्रश्न' काढून दाखवला. बाबासाहेबांनी नागसेनवनातल्या ज्या कॉलेजला मिलिंद हे नाव दिले, त्याच राजाची ती गोष्ट. राजा भंते नागसेनांना नाव विचारतो. ते म्हणतात, मला नागसेन म्हणतात, पण ती नुसती हाक आहे. मग रथाचा दाखला देतात. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, तसेच नाव म्हणजे माणूस नव्हे. मुलगी हुशार. म्हणाली, "मग नाव नुसती हाकच असेल, तर दुसरं घेतलं तर बिघडलं कुठे?"

मी विचार करून सांगितले, "बदलणे वेगळे आणि लपवणे वेगळे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला आपण सगळी जुनी ओळख टाकली. पण ती लाखो लोकांसमोर, भर उजेडात. मी टाकली ती घाबरून आणि अंधारात. म्हणून ती आजही बोचते."

पुढच्या रविवारी पोरांनी मलाच खेळात घेतले. माझी मुलगी सूत्रधार. खोली शोधणारा विद्यार्थी मी, घरमालक तीच. तिने चष्मा नाकावर ओढला आणि विचारले, "आडनाव काय म्हणालात?" अगदी तोच स्वर. तिला कोणी शिकवला असेल? पंचेचाळिशीच्या माणसाचा घसा कोरडा पडला. मी आमचे आडनाव सांगितले. फासा टाकला, दोन पडले. खोली नाही. पोरे हळहळली. दुसरे दार ठोठावले, पुन्हा आडनाव सांगितले, पाच पडले. खोली मिळाली. कोपऱ्यात बसलेली माझी आई सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आता तुह्या रूमवर आले तर दारात जय भीम म्हणू का रं?"

मी म्हटले, "म्हण, आई. मोठ्याने म्हण." आणि ती म्हणाली. शेजारपाजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

पात्र होणे आपल्याला नवे नाही. भीमराव कर्डकांच्या जलशात आपलीच माणसे सावकार व्हायची, पुढारी व्हायची आणि गावोगावच्या लोकांना शहाणे करायची. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर सादर केले होते. तोच धागा घरात चालवायला खर्च नाही. कोरा कागद, पेन्सिल आणि लुडोतला एक फासा पुरे. कागदावर पात्राचे नाव, गाव, काम, एक हातखंडा आणि एक भीती लिहा. जमेल की नाही ते ठरत नसेल तर फासा टाका. चार किंवा जास्त पडले तर जमले. आम्ही दोन नियम वाढवले आहेत. एक, पैसा लावायचा नाही. दोन, आपण जे नाही तेच व्हायचे. बापाने मुलगी व्हावे, मुलीने तलाठी व्हावे, भावाने घरकाम करणारी बाई व्हावे. दुसऱ्याच्या जागी अर्धा तास उभे राहिले की मैत्री आणि करुणा म्हणजे काय हे पोरांना वेगळे सांगावे लागत नाही.

रेवाचा कागद आता आमच्या भिंतीवर लावला आहे. मुलीने जुने आडनाव खोडून आमचे लिहिले आहे. खोडलेले मी पुसू दिले नाही. तेही राहू दे, म्हटले. जय भीम!