पुन्हा पहिला धडा

गतवर्षी जूनमध्ये आमची कन्या पुण्याचे महाविद्यालय सोडून वारणानगरला परतली. त्याआधी काही महिने यजमानांना पक्षाघाताचा झटका आला होता. शेती, दोन म्हशी आणि वृद्ध सासूबाई हा सारा भार मला एकटीला पेलवेना, हे पाहून तिने स्वतःच दाखला काढला. बी.एस्सी.चे पहिले वर्ष ती उत्तीर्ण झाली होती. पण रसायनशास्त्रात जेमतेम. त्या विषयाचे कितीतरी तास तिने रुग्णालयाच्या व्हरांड्यात घालवले होते.

प्रवेशाला अडचण आली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’च्या व्यवस्थेत एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे नेता येतात. तिचे श्रेयांक येथे मान्य झाले आणि दुसऱ्या वर्षाचे दार उघडले. तरीही ती अस्वस्थ होती. “आई, पहिल्या वर्षाचं रसायनशास्त्र मी पुन्हा करू का?” असे तिने विचारले, तेव्हा मी जवळजवळ रागावलेच. आमच्यामुळे तिने पुणे सोडले, आता वर्षही गमवायचे? माझ्या रागात अपराधीपणाचा भाग मोठा होता.

मी पूर्वी एका दूध शीतकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मोजलेल्या दुधात फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाकायचे, ब्युरेटमधून अल्कली सोडायची आणि फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचे, ही आम्लतेची चाचणी माझ्या हातांना पाठ होती. तिचे शास्त्र मात्र मला कधीच कळले नाही. एका संध्याकाळी धार काढताना मी सहज विचारले, “आत्ता काढलेलं दूध आंबलेलं नसतं, मग चाचणीत त्यालाही आम्लता का दिसते?” ती गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “मला गुण मिळालेत, आई. उत्तर मिळालेलं नाही.”

सासूबाई ओसरीवर स्वाध्यायाला बसल्या होत्या. तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले स्वाध्यायाचे पाच प्रकार त्यांनी बोटांवर मोजून दाखवले: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. मग नातीला म्हणाल्या, “आम्नाय म्हणजे तेच शुद्धपणे पुन्हा पुन्हा म्हणणं. त्यानं कुणी खालच्या पायरीवर जात नाही, बाळ.”

दुसऱ्या दिवसापासून तिने आठवडाभर पुस्तक मिटून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवल्या. भौतिकशास्त्र व गणित पक्के होते; ते पुन्हा करण्यात अर्थ नव्हता. रसायनशास्त्रात मात्र द्रावणांची तीव्रता, आम्ल-अल्कली आणि समतोल ही तीन प्रकरणे पोकळ निघाली. एवढ्यासाठी सबंध वर्ष देणे अनाठायी आणि दुर्लक्ष करून पुढे जाणे धोक्याचे. अखेर तिने दुसऱ्या वर्षात प्रवेश कायम ठेवला आणि प्राध्यापकांच्या अनुमतीने पहिल्या वर्षाच्या वर्गात त्या प्रकरणांपुरते बसण्याचे ठरवले. निकालपत्रात याची कोठेही नोंद होणार नव्हती. दोन श्रेयांकांचे अध्यापन म्हणजे तीस तास. तिला त्यांतले निम्मेही लागले नाहीत. आपल्याहून लहान मुलांत बसताना पहिले काही दिवस ती मान खाली घालून जात असे. त्या दिवसांत सकाळची धार आणि यजमानांचा व्यायाम मी सांभाळला.

श्रेयांक मान्य करण्याचे काम विद्यापीठाचे; आपल्याला काय समजले, याचा हिशेब मात्र ज्याचा त्यानेच ठेवायचा असतो. पुन्हा शिकायचे की नाही, हे लाजेवरून ठरवू नये आणि नुसत्या गुणांवरूनही ठरवू नये, एवढे मी या मुलीकडून शिकले.

दिवाळीच्या सुमारास ती धारेच्या वेळी गोठ्यात आली. “आई, ताज्या दुधातली प्रथिनं आणि फॉस्फेट थोडी अल्कली शोषून घेतात. म्हणून आंबट नसलेल्या दुधालाही आम्लता दिसते. दूध आंबू लागलं की लॅक्टिक आम्लाची त्यात भर पडते.” इतकी वर्षे माझ्या हातांना जे ठाऊक होते, ते त्या दिवशी मला समजले.